पर्वणीच्या वाटेवर विसावा कुठे?

आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली मला रात्री सापडली. सकाळी प्रयागराज छिवकी स्टेशनवर उतरल्यावर मीच ती भरून दिली होती. ती तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती. "दिवसभरात एक घोटसुद्धा नाही?" मी विचारलं. आई सतरंजीवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती. वर न बघता म्हणाली, "प्यायले असते तर जायचं कुठे होतं?"

प्रयागराजच्या महाकुंभातली, फेब्रुवारी २०२५ मधली, माघी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यातली ही गोष्ट. आई तेव्हा ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह जुना, शिवाय त्या वयातल्या पुरुषांना असतो तो लघवीचा त्रास. सकाळी सातला स्टेशनातून बाहेर पडलो आणि संगमाजवळच्या अरैलच्या घाटावर पोहोचायला दुपारचे दोन वाजले. रस्त्यावर वाहनांना बंदी होती, त्यामुळे सगळं अंतर पायी. रात्री माझ्या फोनने २३ हजार पावलं दाखवली. आईचं पाऊल माझ्यापेक्षा लहान पडतं, म्हणजे तिची तीस हजारांच्या घरात गेली असणार. ती सगळी तिने कोरड्या घशाने टाकली.

आम्ही सुखरूप परत आलो. आईला त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही, बाबांना तर नाहीच, आणि मलाही नाही. तेव्हा ‘कशाला गेलात उगाच’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी हे लिहीत नाही. माझं म्हणणं असं आहे की एवढ्या मोठ्या मेळ्याला आपण भलतंच माप लावतो. किती कोटी आले ते मोजतो. एखाद्या म्हाताऱ्या बाईला गाडीतून उतरल्यापासून पाण्यात पाय घालेपर्यंत किती चालावं लागलं, वाटेत ती कुठे टेकली, कुठे मोकळी झाली, हे कुणी मोजत नाही. २०२७ च्या पावसाळ्यात हाच मेळा आमच्या नाशिक-त्र्यंबकेश्वरला भरतोय. रस्ते, पूल, घाट यांच्या कामांची घाई सुरू आहे. माप बदलायचं असेल तर ते सिमेंट ओतायच्या आधीच बदलायला हवं.

निघण्याआधी आमच्या घरात जे बोलणं झालं, ते त्या दिवसांत कितीतरी घरांत झालं असेल. मौनी अमावास्येला, २९ जानेवारीच्या पहाटे, संगमाजवळ चेंगराचेंगरी होऊन ३० माणसं गेली होती. हा सरकारनेच सांगितलेला आकडा. आमची तिकिटं आधीच काढलेली. भाऊ म्हणाला, रद्द करा. मावशीने सुचवलं की कुणाकडून तरी गंगेचा गडू मागवून घेऊ आणि घरीच बादलीत घालून अंघोळ करू, भाव तिथे देव. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "माझ्या आईला न्यायचं राहून गेलं. तिच्या नावाची एक बुडी मारायची आहे. पुढच्या कुंभाला मी असेन की नाही, कुणी सांगावं?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

‘ज्येष्ठ नागरिकांनी गर्दीत येणं टाळावं’ ही सूचना काळजीपोटी केली जाते, हे मला मान्य आहे. पण यात्रा मुळात कुणाची असते? प्रयागला पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत महिनाभर वाळूत राहणारे कल्पवासी आठवा. एकभुक्त राहायचं, थंडीत पहाटे उठून नदीवर जायचं, तंबूसमोर तुळस लावायची. त्यांत बहुतेक डोकी पांढरी दिसतात. कुंभ बारा वर्षांनी येतो, माघमेळा मात्र दर वर्षी भरतो, आणि तो या म्हाताऱ्या माणसांनीच जिवंत ठेवला आहे. आपल्याकडेही काशीला जायचं ते मुलांची लग्नं उरकल्यावर, घराचं कर्ज फिटल्यावर, हातात चार पैसे आणि चार दिवस शिल्लक राहिल्यावर. तोवर गुडघे गेलेले असतात. म्हणजे मेळ्यात म्हातारं माणूस हा अपवाद नाही, ज्याच्यासाठी मेळा भरतो तेच ते माणूस. त्याला ‘तुम्ही नका येऊ’ म्हणायचं, तर मग बोलावलं कुणाला?

आणि बोलावलं तर होतंच. ‘असा योग १४४ वर्षांनी’ हे वाक्य त्या महिन्यांत टीव्हीवर, फोनवर, रस्त्याच्या फलकांवर सतत दिसत होतं. तरुण माणूस हे वाचून पुढे जातो. बाबांसारखा माणूस ते वाचतो तेव्हा मनातल्या मनात स्वतःचं वय मिळवतो. आता नाही तर कधीच नाही, अशी हाक ज्यांच्याकडे थोडेच दिवस उरलेत त्यांच्याच काळजाला सगळ्यांत आधी भिडते. आवतण दिलं की आलेल्याची सोय बघायची, हा आपल्याकडचा साधा रिवाज आहे. ६६ कोटींहून अधिक लोकांनी स्नान केल्याचं मेळा संपताना अभिमानाने जाहीर झालं. त्यांत साठीच्या पुढचे किती, त्यांना किती चालावं लागलं, याचा हिशेब जाहीर झालेला माझ्या वाचनात आला नाही.

वाटेत एका नाक्यावर आम्ही अडकलो. बांबूंचं बॅरिकेड, पलीकडे रस्ता मोकळा, अलीकडे काही हजार माणसं उन्हात उभी. पुढे का सोडत नाहीत ते कुणी सांगेना. शेजारी बिहारकडच्या पाच बायका होत्या, हरवू नये म्हणून एकीच्या पदराला दुसरीचा पदर बांधलेला. त्यांतली सगळ्यांत म्हातारी मटकन खाली बसली. बाकीच्या चौघींना गाठीमुळे तिच्याबरोबर वाकावं लागलं. एकीने गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण ती ताणामुळे घट्ट बसली होती. मागून आत्ता रेटा आला तर या पाचजणी उठणार कशा, हा एकच विचार माझ्या डोक्यात घुमायला लागला. आई बाबांच्या दंडाला धरून उभी होती. तिची बोटं पांढरी पडली होती. अर्ध्या तासाने सायरन वाजला आणि सात-आठ गाड्यांचा ताफा त्या मोकळ्या रस्त्याने निघून गेला. आत कोण होतं ते मला माहीत नाही. कुणीही असो. मला दिसत होता तो रिकामा रस्ता आणि त्याच्या कडेला उन्हात वाकलेल्या त्या चौघी.

हे दुखणं जुनं आहे. स्वातंत्र्यानंतर प्रयागला भरलेल्या पहिल्या कुंभात, ३ फेब्रुवारी १९५४ ला, मौनी अमावास्येच्याच दिवशी शेकडो माणसं चेंगरून मेली. त्यानंतर खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मुख्य स्नानाच्या दिवसांत नेत्यांनी तिकडे जाऊ नये असं सांगितलं. १९८६ ला हरिद्वारला बड्या पाहुण्यांच्या स्नानासाठी सामान्य लोकांना अडवून धरलं गेलं, आणि दबलेली गर्दी फुटली तेव्हा पुन्हा माणसं गेली. २०२५ मध्ये व्हीआयपी पास रद्द झाले, मेळ्याचा परिसर वाहनमुक्त जाहीर झाला, तेही २९ जानेवारीनंतर. नियम ठाऊक नाही असं कधीच नव्हतं. तो दर वेळी प्रेतं उचलल्यावर लागू होतो आणि पुढच्या मेळ्यापर्यंत विसरला जातो.

वाहनबंदीलाही माझा विरोध नाही. इतक्या गर्दीत गाड्या आल्या तर कुणीच चालू शकणार नाही. पण त्या बंदीत कुणाला सूट द्यायची हे ठरवताना आपलं मन उघडं पडतं. सूट पदाला मिळाली, वयाला मिळाली नाही. बंदीच्या रस्त्यावर मोटरसायकलवाली तरुण पोरं माणशी पाचशे रुपये घेऊन लोकांना आत सोडत होती. बाबांनी दोन गाड्या ठरवल्या. आई आयुष्यात बाबांखेरीज कुणाच्या गाडीवर मागे बसलेली नाही. ती त्या मुलाच्या गाडीजवळ गेली, सीटला हात लावला आणि परत फिरली. "चालते मी," म्हणाली. मला राग आला होता, तिच्यावर नव्हे. ६८ वर्षांच्या बाईने एकतर अनोळखी मुलाच्या कमरेला धरून जावं नाहीतर आठ-नऊ किलोमीटर चालावं, यापलीकडे तिसरा काही मार्गच नव्हता.

मेळ्यात दीड लाख शौचालयं उभारल्याचं सांगितलं गेलं. ती उभारली असतील, आत गेल्यावर रांगाच्या रांगा दिसल्या. पण स्टेशनपासून मेळ्याच्या हद्दीपर्यंत आम्ही ज्या रस्त्याने चाललो, तिथे आम्हाला एकही दिसलं नाही. आत होती ती उकिडवं बसायची. आईला गेली चार वर्षं खाली बसता येत नाही, घरी आम्ही कमोड बसवून घेतलाय. तिथे तिने एकदा दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं. आकड्यात ते शौचालय जमा झालं. तिच्या दृष्टीने ती नुसती पत्र्याची खोली होती. बाबांना दर तासाला जावं लागायचं, ते कुठेतरी भिंतीच्या आडोशाला उभे राहायचे. त्या वयात, त्या जागी, तसं उभं राहताना त्यांचा चेहरा काय व्हायचा ते मी बघायचं टाळलं. बायकांना तोही मार्ग नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. थंडीच्या दिवसांत हे निभावतं. उन्हात, पावसाळी उकाड्यात, बीपीच्या गोळ्या चालू असताना दिवसभर पाणी न पिणं म्हणजे चक्कर येऊन पडणं, आणि गर्दीत पडणं म्हणजे काय हे सांगायला नको.

‘चेंगराचेंगरी’ हा शब्द ऐकला की वाटतं, माणसं धावत सुटली आणि एकमेकांना तुडवत गेली. पुष्कळदा तसं काही होत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की कुणाचंच पाऊल त्याच्या मर्जीचं राहत नाही. गर्दी पाण्यासारखी डुलायला लागते. छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, श्वास आत घ्यायला जागा उरत नाही, आणि माणूस उभ्या-उभ्या गुदमरतो. २९ जानेवारीच्या पहाटे याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली. ब्रह्ममुहूर्ताची वाट बघत पुष्कळ लोक घाटाजवळ जमिनीवर आडवे झाले होते. बॅरिकेड तुटलं आणि मागची गर्दी त्यांच्या अंगावरून गेली.

ते लोक तिथेच का झोपले होते, याचा विचार मी त्या नाक्यावर उभी असताना केला आणि नंतरही करत राहिले. मला जे कळलं ते असं. मागे कुठे टेकायची खात्रीची जागा नसली, आणि एकदा मागे गेलो तर पुन्हा पुढे सोडतील याचा भरवसा नसला, की माणूस पाण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातो आणि तिथेच अंग टाकतो. दमलेला माणूस तर नक्कीच. वाटेवर विसाव्याच्या जागा असत्या, तर हीच माणसं मागे चार-पाच किलोमीटरवर विखुरलेली असती. म्हणून म्हाताऱ्यांच्या सोयीचा विषय काढला की ‘एवढे लाड कसे परवडणार’ असं जे म्हटलं जातं, ते मला पटत नाही. जी व्यवस्था आईला दर काही पावलांवर बसू देईल, तीच गर्दीला एका जागी साचू देणार नाही. विसावा हा सुरक्षेचाच भाग आहे, पोलिसांच्या दोरीइतकाच.

‘विसावा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आई-बाबा सिन्नरला राहतात, आणि त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरवरून जाते. लहानपणापासून मी ती बघत आले. वारीतही लाखो माणसं चालतात, त्यांतही म्हातारी माणसं भरपूर असतात, आणि चाल एका दिवसाची नसते, काही आठवड्यांची असते. तरी तिथे आईच्या वयाच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन हसत चालताना दिसतात. कारण तिथे कुणी एकटं नसतं. दिंडीला क्रमांक असतो, पुढे वीणेकरी असतो, सामान ट्रकमध्ये असतं, पाण्याचा टँकर बरोबर चालतो. न्याहारी कुठे, दुपारचं जेवण कुठे, विसावा कुठे, मुक्काम कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. गावाच्या शिवेवर, झाडाखाली, एखाद्या ओट्यावर पालखी टेकते. त्या जागेला नावच ‘विसावा’ असतं आणि ती जागा गाव राखून ठेवतं. माउलींच्या पालखीत चोपदाराने दंड उंचावला की सगळा तळ गप्प होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना गर्दीला शिस्त लागत नाही हे कुणी सांगू नये. वारीतही उणिवा होत्या आणि आहेत. शौचालयांची अडचण तिथे वर्षानुवर्षं होती, ‘निर्मल वारी’ सुरू झाल्यापासून ती पुष्कळ कमी झाली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

काही जण म्हणतात, यात्रेत कष्ट हवेतच, सुखासुखी मिळालेल्या स्नानाला काय अर्थ? बाबाही असंच म्हणतात. मी त्यांच्याशी यावर परतीच्या गाडीत बरंच बोलले. स्वतः पत्करलेले कष्ट आणि दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे वाट्याला आलेले कष्ट यांत फरक आहे. उपास करणं हे व्रत आहे. पण लघवीला जागा नाही म्हणून पाणी न पिणं हे कुठल्याही पोथीत सांगितलेलं नाही. अनवाणी चालायचं की नाही ते आई ठरवेल. ताफा जाईपर्यंत उन्हात उभं राहायचं, हे तिने ठरवलेलं नव्हतं.

आणि ‘मुलं कशाला आहेत मग?’ असंही विचारलं जातं. मी होते ना बरोबर. माझा मोबाईल बरोबर होता, तोंडात हिंदी होती, खिशात पैसे होते, आणि तरी मी आईला पाणी पाजू शकले नाही. जी माणसं मुलांशिवाय, गावच्या पंधरा-वीसजणांच्या घोळक्यात येतात, त्यांचं काय होत असेल? दुपारभर खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून हरवलेल्यांची नावं ऐकू येत होती. एक बाई माइकवर रडत नुसतं ‘गुड्डू के पापा, गुड्डू के पापा’ म्हणत होती, नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघत नव्हतं. प्रयागला भुल्या-भटक्यांना घरी पोहोचवणारी शिबिरं १९४६ पासून चालत आली आहेत, ते काम फार मोठं आहे. पण आई त्या आवाजाकडे कान देऊन थबकली आणि मला म्हणाली, "मी हरवले तर तुझंच नाव घेईन हो. ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही." मी तिच्या ब्लाउजला आतून पिन लावून माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी अडकवली. बाबांच्या खिशात दुसरी ठेवली.

घाटावर पोहोचलो तेव्हा आईचे पाय सुजून चपलेचे बंद रुतले होते. पाण्यात उतरायला ओल्या वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या होत्या. मी एका बाजूने धरलं आणि दुसऱ्या बाजूने कुण्या अनोळखी बाईने, न विचारता, आईच्या कोपराखाली हात घातला. आईने नाक धरून तीन बुड्या मारल्या. वर आली तेव्हा तिचा चेहरा सकाळी स्टेशनवर होता तसा झाला होता. बाबांनी आजीचं नाव घेऊन ओंजळ सोडली आणि बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. त्या पाच मिनिटांसाठी लोक हे सगळं सोसतात, आणि सोसून घरी गेल्यावर तक्रार करत नाहीत. त्यांच्या या न बोलण्याचाच फायदा आपल्या सगळ्या व्यवस्था घेत आल्या आहेत.

आता नाशिकचं बघा. प्रयागच्या मेळ्याला सुमारे चार हजार हेक्टर जागा होती, पंचवीस सेक्टर, तीस तरते पूल, कोरडी वाळू, हिवाळा. आमच्याकडे रामकुंडाचे दगडी घाट आणि त्याकडे उतरत जाणाऱ्या पंचवटीच्या गल्ल्या. त्र्यंबकला तर कुशावर्त म्हणजे गावाच्या मधोमध दगडात बांधलेलं एक लहान कुंड. वर पावसाळा. अमृतस्नानाच्या २०२७ च्या तारखा २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरात नाशिकला ११, त्र्यंबकला १२ अशा आहेत. २ ऑगस्टला सूर्यग्रहणही आहे, म्हणजे त्या दिवशी स्नानाची ओढ दुप्पट. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंड बुडतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून आम्ही नाशिककर पूर मोजतो. ओल्या दगडावर शेवाळ धरतं. याच शहरात २७ ऑगस्ट २००३ ला काळाराम मंदिराच्या परिसरातल्या अरुंद उतारावर ३९ माणसं मेली. दीड वर्षाने, २५ जानेवारी २००५ ला, वाईजवळ मांढरदेवीच्या पायऱ्यांवर तीनशेच्या आसपास. उतार, निसरडी पायरी, आणि मागून येणारा रेटा. यात सगळ्यांत आधी कोण पडतं ते सांगायला चौकशी आयोग लागत नाही.

२०१५ चा सिंहस्थ, म्हणजे नाशिकचा कुंभ, चेंगराचेंगरीविना पार पडला, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पहिल्या पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या पहिल्या दिवशी, बंदोबस्त इतका आवळला होता की लोकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं. टीका झाली, मग पुढे तो सैल केला. म्हणजे आपल्याला दोनच टोकं ठाऊक: एकतर सगळ्यांना घाटावर जाऊ द्या, नाहीतर सगळ्यांना गावाबाहेर उतरवून चालवा. मधली वाट म्हातारी माणसं, अपंग आणि गरोदर बायकांसाठी आखावी लागते, आणि ती आधी आखावी लागते. बाहेरच्या वाहनतळापासून त्यांच्यासाठी लहान बसगाड्या हव्यात, खालच्या पायरीच्या, आणि त्या रामकुंडापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत यायला हव्यात. तो अर्धा किलोमीटरही सलग चालायचा नाही. दर दोनशे-तीनशे पावलांवर छप्पर, बाकडं, पाणी, आणि शौचालय हवं. त्यांतली निम्मी तरी कमोडची हवीत, भिंतीला धरायला दांडी असलेली. कुठल्या तळावर उतरलं तर किती चालावं लागेल ते तिकिटावर, फलकावर, बसमधल्या घोषणेत मराठी-हिंदीबरोबर गुजराती, तेलुगू, कन्नडमध्येही सांगा. पर्वणीच्या दिवशी एकही ताफा शहरात येणार नाही, असा लेखी हुकूम आधीच्या वर्षीच काढा आणि तो मोडणाऱ्याचं पद बघू नका. यातलं काहीही उड्डाणपुलापेक्षा महाग नाही.

शिवाय नाशिककडे एक गोष्ट अशी आहे जी प्रयागकडे नव्हती. वेळ. प्रयागचा मेळा ४५ दिवसांचा होता. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं आणि समाप्ती २४ जुलै २०२८ ची. गुरू सिंह राशीत असताना सगळी तीर्थं गोदावरीला येतात, ही आपल्याकडची श्रद्धा. मग ती तीन-चार दिवसांपुरतीच कशी येतील? ही गोष्ट कीर्तनकारांनी, पुरोहितांनी, आखाड्यांच्या महंतांनी सांगितली तर बाबांसारखी माणसं ऐकतील. सरकारने जाहिरात द्यायचीच असेल, तर ‘विक्रमी गर्दी’ची देऊ नये. मार्गशीर्षातल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी रामकुंडावर या, गुडघ्यापर्यंत पाण्यात निवांत बसा, तेही सिंहस्थस्नानच आहे, असं सांगणारी जाहिरात द्यावी. पर्वणीलाच येणार म्हणणारे तरीही येतील. त्यांना अडवू नये. पण निवड खरी हवी, आणि ती करण्याआधी कुणीतरी त्यांना सांगितलेलं हवं.

आम्हीही काही सोडलंच पाहिजे. आई-वडिलांना पर्वणीच्याच दिवशी नेलं, त्याच दिवशीचे फोटो काढले, म्हणजेच सेवा झाली, असं आमच्या पिढीने मनाशी धरलंय. मी रजा मिळत होती तो आठवडा धरला. आईच्या गुडघ्यांना कुठला आठवडा सोसेल हे विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आई आमच्याकडे नाशिकला आली होती. तिला घेऊन मी निमाणी बसस्थानकापासून रामकुंडापर्यंत चालत गेले, गर्दी नसताना, सकाळी नऊच्या सुमारास. एरवी मी हे अंतर पंधरा मिनिटांत चालते. आम्हाला पाऊण तास लागला. आई तीनदा बसली. पहिल्यांदा एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर, दुकानदाराने तिला पाणीही दिलं. दुसऱ्यांदा एका देवळाच्या पायरीवर. तिसऱ्यांदा बसायला काही सापडेना म्हणून उभ्या असलेल्या रिक्षात, रिक्षावाल्याला विचारून. तिन्ही जागा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. पर्वणीच्या दिवशी दुकान बंद असेल, पायरीसमोर बॅरिकेड असेल, आणि रिक्षा तिथे नसेल.